गृहीतमध्य कोणताही धरला तरी उत्तर तेच कसं?

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. सांख्यिकीच्या एका उदाहरणात तिने गृहीतमध्य 25 धरला, मैत्रिणीने 35. दोघींचं उत्तर एकच आलं आणि गुणही पूर्ण मिळाले. सुरुवातच मनाने धरलेल्या आकड्यापासून होते, मग उत्तर बदलत कसं नाही? तिने मला विचारलं आणि मला सांगता आलं नाही.
– एक पालक, सातारा

उत्तर : मुलीला हा प्रश्न पडला याचा मला फार आनंद झाला. बहुतेक मुलं सूत्र पाठ करून पुढे जातात.

वारंवारतेचा तक्ता जरा बाजूला ठेवू. पाच मुलींची उंची घ्या : 148, 150, 151, 156 आणि 160 सेंटिमीटर. बेरीज 765, सरासरी 153.

आता 150 हा गृहीतमध्य धरू. प्रत्येक उंची 150 पेक्षा किती कमी-जास्त आहे ते लिहू : उणे 2, 0, 1, 6, 10. ही झाली विचलनं. त्यांची बेरीज 15, सरासरी 3. ती 150 मध्ये मिळवली की 153. मैत्रिणीने 160 धरला तर विचलनं उणे 12, उणे 10, उणे 9, उणे 4 आणि 0. बेरीज उणे 35, सरासरी उणे 7. 160 मधून 7 गेले, राहिले 153.

कारण अगदी साधं आहे. पाचही संख्यांमधून आपण तोच आकडा वजा केला, म्हणजे बेरजेतून तो पाच वेळा गेला. पुढे पाचाने भागलं, म्हणून सरासरीतून तो बरोबर एकदाच कमी झाला. शेवटी आपण तो एकदा परत मिळवतो. जेवढं काढलं तेवढंच परत ठेवलं, मग ते 25 असो की 35. मुलीला 1000 धरून पाहायला सांगा. विचलनांची सरासरी उणे 847 येईल, आणि 1000 मधून 847 गेले की पुन्हा 153 च. शून्य धरला तर विचलनं म्हणजे मूळ संख्याच. पुस्तकातली सरळ पद्धत ती हीच. पहिल्याच फटक्यात 153 धरला असता तर विचलनांची बेरीज शून्य आली असती. मध्याची खूणच ती : त्याच्या खालची तूट आणि वरची वाढ सारखी असते.

हा हिशेब आपण एरवीही करतो. 98, 103 आणि 97 रुपयांची बेरीज तोंडी करताना कोणी हातचे घेत बसत नाही. ‘तीनशेला दोन कमी’ म्हणतो आणि 298 सांगतो.

भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या लीलावतीत ‘इष्टकर्म’ नावाची रीत आहे. तिथेही मनाने एक संख्या धरून सुरुवात होते. समजा, एका संख्येत तिचाच तिसरा भाग मिळवला तर 68 होतात. संख्या 3 धरा, उत्तर 4 येतं. हवेत 68, म्हणजे 17 पट. म्हणून संख्या 51. इथे चूक गुणून दुरुस्त केली, गृहीतमध्यात ती मिळवून दुरुस्त होते. दोन्हींत सुरुवातीचा आकडा आपल्या मर्जीचा असतो, कारण दुरुस्तीची वाट पक्की असते.

मग आकडा निवडायचा कसा? कष्ट कमी पडतील असा. सर्वांत मोठ्या वारंवारतेसमोरचा वर्गमध्य धरला की त्या ओळीत विचलन शून्य होतं आणि सगळ्यांत मोठा गुणाकार वाचतो. मध्यप्रमाण विचलन पद्धतीत विचलनांना वर्गांतराने भागून आकडे आणखी लहान करतात. तिथे शेवटी वर्गांतराने परत गुणायचं राहून जातं, आणि मुलांचे गुण बहुधा तिथेच जातात.

आता मुलीने न विचारलेली, पण मला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट. त्याच पाच उंचींचा वर्गवार तक्ता करू. 140–150 मध्ये एक मुलगी, 150–160 मध्ये तिघी, 160–170 मध्ये एक; बरोबर 150 आणि 160 पुढच्या वर्गात जातात. वर्गमध्य 145, 155, 165. तिन्हींपैकी कोणत्याही पद्धतीने सोडवा, मध्य 155 येतो. खरी सरासरी मात्र 153 होती.

गणित कुठेही चुकलेलं नाही. तक्त्यात घातल्यावर 148 ची मुलगी 145 ची मानली गेली, 150 आणि 151 च्या दोघी 155 च्या झाल्या, आणि ते दोन सेंटिमीटर या मानण्यातून आले. एका पद्धतीचं उत्तर दुसऱ्या पद्धतीने पडताळलं तर आकडेमोड बरोबर आहे एवढंच कळतं. ही तफावत त्यातून दिसत नाही. ती पाहायची तर तक्ता बनण्याआधीचे आकडे हवेत. घरातल्या आणि शेजारच्या दहा-बारा जणांची उंची मोजून मुलीने दोन्ही तऱ्हांनी मध्य काढावा. किती फरक पडला ते मला जरूर कळवा.