पत्त्यांची बैठक : थोडक्या खर्चांत व जुगाराविना

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या दिवसांत, मधल्या सुटींत, सातवींतील एक विद्यार्थी वर्गाच्या मागच्या बाकावर रडत बसलेला मला आढळला. चौकशी करतां कळलें कीं, त्यानें आपल्याजवळील एक चकचकीत पत्ता नववींतील एका मुलास दिला होता व त्याच्या मोबदल्यांत पांच साधे पत्ते घेतले होते. घरीं गेल्यावर थोरल्या भावानें त्यास सांगितलें कीं, त्या एका पत्त्याचें मोल या पांचांच्या कितीतरी पट आहे. दुसऱ्या दिवशीं तो आपला पत्ता परत मागावयास गेला, तेव्हां "झाला तो व्यवहार झाला" एवढेंच उत्तर त्यास मिळालें. मीं दोघांचेही पत्ते काढून घेतले, कपाटांत टाकले व कुलूप लावलें. शाळेंत पत्ते आणूं नयेत असा नियम होताच. तेव्हां माझें काम संपलें असें मला वाटलें.

परंतु तें संपलें नव्हतें. शाळेंतील खेळ थांबला आणि फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला सुरू झाला. तेथें लक्ष ठेवणारें कोणी वडील माणूस नव्हतें. मुलांच्या हातून एखादी वस्तु काढून घेणें सोपें असतें. तिच्या जागीं कांहीं चांगलें देणें हें खरें कठीण काम. त्या कठीण कामाचा थोडा अनुभव गांठीं आल्यावर तो विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावा, एवढ्यासाठींच हा लेख लिहीत आहें.

हा खेळ आहे तरी काय ?

पत्ते म्हटले कीं आपल्या डोळ्यांपुढें ५२ पानांचा कॅट येतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यांत १२० पानें असतात. दहा अवतारांचे दहा रंग व प्रत्येक रंगाचीं बारा पानें. या दोन्ही खेळांत एक गोष्ट समान आहे. सर्व खेळाडूंमध्यें मिळून एकच जोड असतो व तोच पिसून सर्वांस वाटला जातो. श्रीमंताच्या व गरिबाच्या हातीं येणारीं पानें एकाच जोडांतून येतात.

मुलें ज्यांस ‘कार्डें’ म्हणतात, त्या नव्या खेळाची रीत निराळी आहे. येथें प्रत्येकानें आपला जोड स्वतः जमवून आणावयाचा असतो. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञानें रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ १९९३ सालीं प्रसिद्ध झाला व तेथून या प्रकारास सुरुवात झाली. जपानांत १९९६ सालीं पोकेमॉनचे पत्ते निघाले आणि १९९९ सालीं यु-गि-ओ हा खेळ आला. मॅजिकच्या नेहमींच्या डावास निदान ६० पत्ते लागतात. पोकेमॉनला बरोबर ६०. या दोन्ही खेळांत कांहीं मूळ पत्ते वगळले, तर एकाच नांवाचे चारांहून अधिक पत्ते जोडांत ठेवतां येत नाहींत. कोणते ६० निवडावे, हा विचार घरीं बसून करावयाचा असतो. निम्मा खेळ त्या निवडींतच आहे, आणि हुशार मुलांस त्याची गोडी लागते ती याचमुळें.

परंतु सगळा खर्चही तेथेंच आहे. पत्ते बंद पाकिटांतून विकले जातात. १९९३ च्या पहिल्या पाकिटांत १५ पत्ते असत. त्यांत ११ सामान्य, ३ कमी आढळणारे व १ दुर्मिळ. दुर्मिळ पत्ता कोणता निघेल हें पाकीट फोडल्याशिवाय कळत नाहीं, म्हणून मूल दुसरें पाकीट घेतें, मग तिसरें.

गणिताचा एक धडा

या मोहाचें मोजमाप आपणांस गणितानें करतां येतें. समजा, एका गोळीच्या वेष्टनांत सहा चित्रांपैकीं कोणतेंही एक निघतें व सहांचीही शक्यता सारखीच आहे. सहाही चित्रें जमविण्यास सरासरीनें किती गोळ्या घ्याव्या लागतील ? पुष्कळ मुलें सहा किंवा फार तर आठ असें उत्तर देतात. खरें उत्तर १४.७ असें आहे. पहिलें चित्र पहिल्याच गोळींत मिळतें. पण पांच हातीं आल्यावर राहिलेलें एक मिळविण्यासच सरासरीनें सहा गोळ्या खर्ची पडतात. चित्रें दहा असतील, तर हा आंकडा २९ च्या वर जातो.

विश्वास बसत नसेल त्यानें एक फांसा घ्यावा, सहाही बाजू एकदां तरी वर येईपर्यंत तो टाकीत जावा व किती वेळां टाकला तें लिहून ठेवावें. असें वीस वेळां करून सरासरी काढावी. खऱ्या खेळांत तर एका संचांत शेंकडों पत्ते असतात व दुर्मिळांची शक्यता फारच थोडी असते. तेव्हां हवा असलेला पत्ता पाकिटें फोडून मिळवूं पाहणें हा तोट्याचा व्यवहार होय. एखादा पत्ता हवाच असेल, तर तो सुटा विकत घ्यावा किंवा मित्राशीं रीतसर बदलून घ्यावा. एवढी एक गोष्ट पालकांनीं मुलांस पटवून दिली तरी घरचे पुष्कळ पैसे वांचतील.

खर्च कमी करण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग असा कीं, सर्वांनीं केवळ सामान्य पत्त्यांनींच खेळावें. मॅजिकमध्यें या पद्धतीस ‘पॉपर’, म्हणजे गरीब, असेंच नांव आहे. संगणकावरील खेळांत २००८ सालीं व प्रत्यक्ष पत्त्यांच्या खेळांत २०१९ सालीं तिला अधिकृत मान्यता मिळाली. सामान्य पत्ते बहुधा अगदीं स्वस्त असतात, आणि ज्याच्याजवळ पुष्कळ पाकिटें फोडलेलीं आहेत त्याच्या घरीं ते पेटीच्या तळाशीं पडूनच असतात.

दुसरा मार्ग मला सर्वांत अधिक पसंत आहे. तो सामाईक पेटीचा. सर्वांनीं मिळून एक मोठी पेटी जमवावयाची, आणि त्यांतील पत्ते कोणाच्याही मालकीचे नाहींत असें ठरवावयाचें. आठ खेळाडूंस ३६० पत्ते पुरतात. दर खेळाडूस पंधरा-पंधराचे तीन गट द्यावे. प्रत्येकानें पहिल्या गटांतून एक पत्ता ठेवून घ्यावा व बाकीचे डावीकडच्या शेजाऱ्यास द्यावे. आलेल्या गटांतून पुन्हां एक घ्यावा, आणि गट संपेपर्यंत हाच क्रम चालवावा. दुसरा गट उजवीकडे व तिसरा पुन्हां डावीकडे फिरवावा. याप्रमाणें प्रत्येकाजवळ ४५ पत्ते होतात. त्यांतील २३ च्या सुमारास निवडून, निराळ्या ठेवलेल्या भूमीच्या पत्त्यांपैकीं १७ त्यांत मिळवावे, म्हणजे ४० पत्त्यांचा डाव तयार झाला. खेळ संपल्यावर सर्व पत्ते पेटींत परत जातात. येथें वडिलांच्या खिशाचा उपयोग नाहीं. समोर आलेल्यांतून काय निवडावें एवढ्या बुद्धीचा आहे. गंजिफ्यांतील जुनी समता या पेटीनें परत आणली, असें मला वाटतें. अगदीं नवशिक्यांसाठीं मात्र पेटींत चार-सहा तयार जोड बांधून ठेवावे.

तिसरा मार्ग हातानें लिहिलेल्या पत्त्यांचा. कागदाच्या चिठ्ठीवर पत्त्याचें नांव व त्याचें कार्य लिहून ती जुन्या पानावर बसवावी व दोन्ही पारदर्शक आवरणांत घालावीं. अधिकृत सामन्यांबाहेर, घरगुती खेळांत अशा चिठ्ठ्या वापरण्यास मॅजिक काढणाऱ्या कंपनीची हरकत नाहीं, असें तिनें २०१६ सालीं जाहीर केलें. परंतु चिठ्ठी ही चिठ्ठीच दिसली पाहिजे. हुबेहूब नक्कल करून ती खरी म्हणून देणें ही फसवणूक होय, मग ती पांच रुपयांची असो कीं पांच हजारांची.

बैठकीची व्यवस्था

जागेस भाडें पडूं नये. मंदिराचें सभागृह, सोसायटीची खोली, वाड्याची ओसरी, सुटीच्या दिवशीं शाळेचा वर्ग, यांपैकीं कोणतीही चालेल. मात्र परवानगी आधीं मागावी व जागा झाडून परत करावी. दिवस ठरलेला असावा, जसें महिन्याचा दुसरा शनिवार, सायंकाळीं पांच ते आठ. उजेड चांगला हवा, कारण पत्त्यांवरील अक्षर बारीक असतें.

सोळा जण आले व प्रत्येकीं १५ रुपये जमले असें धरूं. एकूण २४० झाले. चहा-पोह्यांस १६०, कागद-पेन्सिलीस २० गेले, तर ६० रुपये सामाईक पेटीसाठीं उरतात. हिशेब एका विद्यार्थ्यानें लिहावा व दर बैठकीच्या शेवटीं मोठ्यानें वाचून दाखवावा. वर्गणी मात्र हातांत घेऊं नये. झांकणास भोंक पाडलेला एक डबा दाराच्या आंत, कोणाची नजर पडणार नाहीं अशा जागीं ठेवावा. ज्यास शक्य तो अधिक टाकील, ज्यास शक्य नाहीं तो कांहींच टाकणार नाहीं, आणि कोणास तें कळणार नाहीं. मंदिराच्या भांडारांत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आपण सर्वांनीं ऐकली आहे. तिच्या दानाची मोजणी माणसांनीं केली नव्हती, हें ध्यानांत ठेवावें.

सामने असे लावावे कीं हरलेला मुलगा घरीं जाणार नाहीं. यास स्विस पद्धति म्हणतात. झुरिक येथील १८९५ च्या बुद्धिबळाच्या सामन्यांत ती प्रथम वापरली गेली. पहिल्या फेरींत जोड्या चिठ्ठ्या टाकून पाडाव्या. पुढील फेऱ्यांत जिंकलेल्यांची गांठ जिंकलेल्यांशीं व हरलेल्यांची हरलेल्यांशीं घालावी. डाव बरोबरींत सुटले नाहींत, तर आठ खेळाडूंत तीन फेऱ्यांनीं व सोळांत चार फेऱ्यांनीं एकच अजिंक्य उरतो; पण खेळतात सर्व जण शेवटपर्यंत. दर फेरीस चाळीस मिनिटें दिलीं, तर चार फेऱ्या तीन तासांच्या आंत आटोपतात.

पैज व अदलाबदल

पत्ते म्हणजे जुगार, अशी पुष्कळ पालकांची धास्ती असते, आणि ती निराधार नाहीं. मॅजिकच्या १९९३ च्या मूळ नियमांतच पैज होती : प्रत्येकानें आपल्या जोडांतील एक पत्ता बाजूला ठेवावा व जिंकणाऱ्यानें दोन्ही घ्यावे. पुष्कळ खेळाडूंस हें आवडलें नाहीं. पुढें ती चाल मागें पडली, व पैजेशीं संबंध असलेल्या पत्त्यांस अधिकृत सामन्यांत आज बंदी आहे. आपल्या महाराष्ट्रांत जुगारास प्रतिबंध करणारा १८८७ चा कायदा आहे. परंतु कायद्याआधीं विवेक आहे. ख्रिस्ताच्या वस्त्रासाठीं शिपायांनीं वधस्तंभाखालीं चिठ्ठ्या टाकल्या. शेजारच्याचें दुःख दिसूं नये इतका डावाचा नाद लागणें, हेंच जुगाराचें मूळ होय. म्हणून पैज नको, पैशाचें बक्षीस नको, व बंद पाकिटांचेंही नको. बक्षीस द्यावयाचेंच असेल, तर नवख्यास ज्यानें खेळ शिकविला त्यास एक सुंदर अक्षरांत लिहिलेलें प्रशस्तिपत्र द्यावें.

अदलाबदलीस आम्हीं तीन नियम केले. ती बैठकींतच, टेबलावर, सर्वांसमक्ष व्हावी. देणाऱ्यानें व घेणाऱ्यानें आपापल्या पत्त्याची चालू किंमत ठाऊक असल्यास ती आधीं सांगावी. आणि पुढील बैठकीपर्यंत कोणासही आपला व्यवहार मोडण्याची मुभा असावी.

कांहीं पालकांस या पत्त्यांवरील राक्षस व जादूगार खटकतात. त्यांनीं एकदां मुलाजवळ बसून ते वाचून पाहावे व मग ठरवावें. लहानांस पोकेमॉन अधिक योग्य, असें माझें मत आहे. तरीही मन घेत नसेल, तर मुलांनींच पत्ते तयार करावे. शेंकरू, हरियाल, ताम्हण हे आपल्या राज्याचे प्राणी, पक्षी व फूल. अशा जीवांचा एक जोड आमच्या पांचवीच्या मुलांनीं पुठ्ठ्यावर काढला, व तो खेळ खरोखरच रंगतो.

या बैठकींचा लाभ मला वर्गांत दिसतो. मॅजिकमध्यें प्रत्येकाचे २० गुण असतात व ते वजा करीत जावें लागतें. वजाबाकीस कंटाळणारीं मुलें तेथें कंटाळत नाहींत. पत्त्यावरील इंग्रजी वाक्याचा अर्थ चुकला तर डाव जातो, म्हणून शब्दकोश आपण होऊन उघडला जातो. आणि हरल्यावर हात मिळवून "छान खेळलास" म्हणणें, हा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकांतून मला इतका चांगला शिकवितां आला नव्हता.

कपाटांतील पत्ते मीं पहिल्या बैठकीच्या दिवशीं परत केले. तो चकचकीत पत्ता नववींतल्या मुलाकडेच गेला. मीं त्या लहान मुलास विचारलें, "तुझ्यासाठीं त्याच्याशीं बोलूं का ?" तो म्हणाला, "नको, सर. मीं आपल्या हातानें दिला होता. आतां मी आधीं विचारतों." त्या सायंकाळीं एक टेबल रिकामें होतें, त्यावर तोच नववींतल्या मुलासमोर जाऊन बसला व पत्ते पिसूं लागला. दोघेही आतां नव्या मुलांस शिकवितात.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या आळींतही असा एखादा मुलगा दाराशीं उभा राहून दुसऱ्यांचा खेळ पाहत असेल. एक पेटी, चार टेबलें व एक ठरलेला शनिवार, एवढ्यावर त्यास आंत घेतां येतें. पालकांनीं महिन्यांतून एक सायंकाळ त्या टेबलापाशीं येऊन बसावें, इतकीच त्यांस विनंति आहे.