‘मी तर बारीक, मला कुठली शुगर?’

ऑगस्ट २००९. स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. बघता बघता शहरभर तोंडाला रुमाल बांधले गेले, शाळा-थिएटरं बंद झाली, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीच्या रांगा लागल्या. तेच पुणेकर साखर तपासायची वेळ आली की ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणतात. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७मध्ये हेच मांडलं: नवा, धडकी भरवणारा धोका मोठा वाटतो, ओळखीचा, आतून पोखरणारा छोटा.

चाळिशीतले एक गृहस्थ टाचेची जखम घेऊन दवाखान्यात आले. नवी चप्पल लागलेली, तीन आठवडे न भरलेली, वर हळद दाबलेली. रात्री लघवीला चारदा उठत होते. साखर तपासू म्हटल्यावर हसले, ‘डॉक्टर, अंगावर मांस कुठंय?’ हातपाय काटकुळेच होते. पोट मात्र पट्ट्यावरून ओघळलं होतं. उपाशीपोटी साखर निघाली २४०. १२६ किंवा त्यापुढे मधुमेह धरतात.

बारीक माणसाला मधुमेह होत नाही, हा गैरसमज पुण्यातूनच खोटा ठरला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं सारखंच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. वजनकाट्याला ही चरबी दिसत नाही. कंबर मोजा: पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरपुढे नको.

तपासणी टाळणं मात्र जुनंच आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत क्षयाचे मोफत एक्स-रे काढायलाही लोक येईनात, तेव्हा अभ्यासकांनी कारणं शोधली. त्यातून ‘हेल्थ बिलीफ मॉडेल’ उभं राहिलं. ‘हे मला होऊ शकतं’ असं वाटल्याशिवाय माणूस सहसा हलत नाही.

आणि हलला तरी आधी मोबाइलकडे! कारल्याचा रस, ‘पंधरा दिवसांत मधुमेह मुळापासून’वालं चूर्ण, आणि डॉक्टरांच्या गोळ्या परस्पर बंद. हा जिवाशी खेळ आहे.

घाबरण्याचं मात्र कारण नाही. वेळेत सापडलेला मधुमेह आटोक्यात राहतो. त्या गृहस्थांची टाचही भरली. सतत तहान, उतरणारं वजन, पायाला मुंग्या, अंधुक नजर, न भरणारी जखम, यातलं काहीही असलं तर लगेच तपासून घ्या. मधुमेह असताना उलट्या, धाप किंवा गुंगी आली तर थेट रुग्णालय गाठा.

‘कधीतरी करू’ म्हटलेलं राहून जातं. वार-वेळ ठरवली की होतं. तिशी ओलांडली असेल तर येत्या सोमवारी सकाळी, चहाच्या आधी, रक्त देऊन या.