सवड आपली, शिस्तही आपलीच : सीएस५०एक्स पूर्ण करण्याची कृती

ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव नोंदवणं दोन मिनिटांचं काम. तो पुरा करणं हे मात्र ज्याचं त्याने करायचं काम, कारण ‘आपल्या वेगाने शिका’ म्हटलं की हजेरी नाही, तास नाहीत, मागे लागणारे सर-मॅडमही नाहीत. बरेच जण याचा अर्थ ‘नियमच नाहीत’ असा घेतात आणि तिथेच घसरतात. सवड वेळेची दिलेली असते, कामाची नाही.

हे नीट दाखवणारं उदाहरण म्हणजे हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५०एक्स. संगणकशास्त्राची ही तोंडओळख हार्वर्डमध्ये डेव्हिड मालन २००७ पासून शिकवतात. २०१२ पासून ती एडेक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर जगभरच्या लोकांसाठी मोफत खुली आहे. प्रोग्रॅमिंगचा गंधही नसलेल्याला स्क्रॅचपासून सुरुवात करून सी, पायथन, एसक्यूएल आणि वेब प्रोग्रॅमिंगपर्यंत ती घेऊन जाते. घरी बसून हा अभ्यासक्रम प्रामाणिकपणे पुरा कसा करावा, त्याची ही कृती.

काय लागेल

- कीबोर्ड असलेला संगणक. सगळं काम ब्राउझरमध्ये होतं, त्यामुळे कॉलेजच्या लॅबमधला किंवा अभ्यासिकेतला संगणकही चालतो. कोड मोबाइलवर लिहायचा अट्टहास करू नका.
- एडेक्सचं एक खातं आणि गिटहबचं (कोड साठवण्याच्या संकेतस्थळाचं) एक खातं.
- इंग्रजी ऐकून समजण्याइतपत तयारी. सबटायटल्स असतात. व्हिडिओ कमी रिझोल्यूशनमध्येही उतरवून घेता येतात. डेटा संपत असेल तर वायफाय मिळेल तिथे आठवड्याचं लेक्चर डाउनलोड करून ठेवा.
- एक जाड वही.
- आठवड्याला सहा-सात तास, जे घरच्यांनाही माहीत आहेत.

कृती

१. प्रमाणपत्र कशासाठी हवं ते आधी ठरवा.
सीएस५०एक्सची दोन प्रमाणपत्रं आहेत. एक सीएस५० स्वतः मोफत देतं, दुसरं एडेक्सचं, त्याला पैसे पडतात. अभ्यास दोन्हींसाठी तोच, त्यामुळे सुरुवातीला पैसे भरायची घाई नको. मात्र यातून हार्वर्डचं क्रेडिट मिळत नाही. तुम्हाला कॉलेजमध्ये क्रेडिट हवे असतील तर ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन मंचावरचे एनपीटीईएलचे अभ्यासक्रम पाहा. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयमवरून घेता येतात. पण तिथे वेग आपला नसतो. दर आठवड्याच्या असाइनमेंटला तारीख असते, शेवटी केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते आणि प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटचे २५ पैकी १० व परीक्षेचे ७५ पैकी ३० गुण लागतात. आपलं कॉलेज कोणता अभ्यासक्रम मान्य करतं, हे नाव नोंदवण्याआधी विभागप्रमुखांना विचारा.

२. लेक्चरच्या आधी नियमांचं पान वाचा.
अभ्यासक्रमाच्या पानावर प्रमाणपत्राच्या अटी आणि प्रामाणिकपणाचं धोरण दिलेलं आहे. दोन्ही पूर्ण वाचा आणि वहीच्या पहिल्या पानावर मराठीत उतरवून काढा. मुख्य अटी अशा : शून्यापासून नऊपर्यंतचे दहा प्रॉब्लेम सेट (प्रश्नसंच) आणि शेवटचा प्रकल्प सादर करायचा आणि प्रत्येकात किमान ७० टक्के मिळवायचे. एका सेटमध्ये शंभर मिळाले म्हणून दुसऱ्यातले पन्नास झाकले जात नाहीत. नियम दरवर्षी थोडे बदलतात, तेव्हा मित्राच्या जुन्या आठवणीवर न जाता चालू वर्षाचं पान वाचा.

३. खाती एकदाच आणि नीट उघडा.
गिटहबचं एकच खातं शेवटपर्यंत वापरा. दोन खात्यांवरून काम गेलं तर गुणही दोन ठिकाणी विखुरतात. नाव विचारतील तिथे मार्कशीटवर आहे तसंच स्पेलिंग लिहा. काम सादर करण्यासाठी अभ्यासक्रमाने दिलेल्या दुव्यावरून गिटहब खात्याला परवानगी द्यावी लागते. ती देऊन गुणपत्रकाचं पान उघडतंय ना, हे पहिल्याच दिवशी पाहा.

४. वर्षाचा हिशेब मांडा.
प्रत्येक आवृत्ती ३१ डिसेंबरला संपते. तोवर पुरं झालं नाही तर केलेलं काम पुढच्या वर्षात नेता येतं, पण प्रश्न बदललेले असू शकतात. म्हणून त्याच वर्षात संपवायचं धरा. प्रॉब्लेम सेटला दोन आठवडे, असे वीस आठवडे. प्रकल्पाला चार. गणपती, दिवाळी आणि सेमिस्टर परीक्षांसाठी सहा आठवडे सोडा. एकूण तीस. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली तर डिसेंबरअखेरच्या आधी निवांत संपतं. कॅलेंडरवर प्रत्येक सेटची आपली तारीख लिहा आणि सेट चारला एक आठवडा जास्त द्या. तिथे मेमरी आणि पॉइंटर येतात, आणि सगळ्यांचीच दमछाक तिथे होते.

५. स्क्रॅचला कमी लेखू नका.
सेट शून्य म्हणजे रंगीत ठोकळे जोडून केलेला छोटा खेळ किंवा गोष्ट. ‘हे तर लहान मुलांचं’ म्हणून उडी मारून पुढे जाता येत नाही, त्याचेही गुण आहेत. किमान दोन पात्रं, अट, लूप, व्हेरिएबल, स्वतः बनवलेला ठोकळा अशी यादी दिलेली असते. ती एकेक बाब टिक करत पुरी करा. शेताला पाणी देणारा पंप असो की लोकलमध्ये चढणारा माणूस, विषय आपला घ्या. लूप म्हणजे काय ते इथे समजलं तर पुढे सी शिकताना निम्मा त्रास वाचतो.

६. लेक्चर एकदा पाहा, कोड दोनदा लिहा.
लेक्चर दोन तासांच्या आसपास चालतं. एका बैठकीत नको, दोन संध्याकाळी पाहा. वर्गात दाखवलेला कोड बघत बघत टाइप करा. मग स्क्रीन बंद करून तोच आठवून लिहा. लेक्चर समजलं आणि प्रश्न सुटला यांत फार अंतर आहे, आणि शिकणं होतं ते त्या अंतरात.

७. प्रश्न आधी कागदावर सोडवा.
सेट एकमधला ‘मारिओ’ नावाचा सोपा प्रश्न घ्या. वापरणाऱ्याला उंची विचारायची, शून्य किंवा त्याहून लहान आकडा आला तर पुन्हा विचारायचं आणि # या चिन्हांचा, उजवीकडे सरळ रेषेत टेकलेला जिना छापायचा. थेट कोड लिहायला बसलं की जिना डावीकडे झुकतो आणि माणूस गोंधळतो. त्याऐवजी वहीत उंची ४ घेऊन तक्ता करा. पहिल्या ओळीत ३ रिकाम्या जागा आणि १ चिन्ह, दुसरीत २ आणि २, तिसरीत १ आणि ३, चौथीत एकही रिकामी जागा नाही आणि ४ चिन्हं. प्रत्येक ओळीत बेरीज चारच येते, हे डोळ्यांना दिसलं की लूप कसा लिहायचा ते आपोआप सुचतं. बऱ्याच सेटमध्ये सोपा आणि अवघड असे दोन पर्याय असतात. नवख्याने सोपा घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

८. चेक५० ला परीक्षक समजा, शिक्षक नव्हे.
चेक५० हा आदेश तुमचा प्रोग्रॅम चालवून तपासतो. हिरवा हसरा चेहरा म्हणजे चाचणी पास, लाल रडका म्हणजे नापास. पिवळा चेहरा आला तर ती चाचणी घेताच आली नाही, बहुधा आधीची नापास झाल्यामुळे. मारिओला तो उणे १ देऊन पाहतो, शून्य देऊन पाहतो, आकड्याऐवजी अक्षरंही देतो. या सगळ्या खोड्या आधी आपण स्वतः काढून पाहा, मग चेक५० चालवा. लाल चेहरा आला की कोडमध्ये इकडेतिकडे बदल करून नशीब आजमावू नका. तिथे अपेक्षित काय आणि मिळालं काय, हे दिलेलं असतं, ते वाचा. सगळं हिरवं झालं की सबमिट५० या आदेशाने काम पाठवा आणि गुणपत्रकात नोंद झाल्याची खात्री करून घ्या.

९. मदत घ्या, उत्तर घेऊ नका.
या अभ्यासक्रमाच्या धोरणाचा गाभा असा : वाजवी वागा, आणि काम मुळात तुमचं स्वतःचं असू द्या. वाजवी काय हे त्यांनी सविस्तर सांगितलं आहे. सहाध्यायाशी प्रश्नावर बोलायच्या कोणत्याही भाषेत चर्चा करायला मुभा आहे, म्हणजे कट्ट्यावर बसून मराठीत खुशाल बोला. फळ्यावर आकृती काढा, पायऱ्या शब्दांत मांडा. फक्त खरा कोड लिहून दाखवायचा नाही. अडलेल्याने आपला कोड दुसऱ्याला दाखवून चूक शोधायला मदत मागावी, हे चालतं. अडलेल्याने दुसऱ्याचा सुटलेला कोड मागणं चालत नाही, आणि दया येऊन तो देणंही चालत नाही. मारिओच्या बाबतीत ‘प्रत्येक ओळीची बेरीज बघ’ असं मैत्रिणीला सांगणं ही मदत. आपली फाइल तिला व्हॉट्सअॅपवर पाठवणं ही फसवणूक, आणि त्यात तुम्ही दोघीही सापडता.

इंटरनेटवरून एखाद-दोन ओळी घेतल्या तर कोडमध्येच टिप्पणी लिहून त्या कुठून घेतल्या ते नोंदवा. उत्तरं शोधणं, यूट्यूबवर कोणी सोडवलेला सेट बघून मग आपला लिहिणं, कोणाला पैसे देऊन करवून घेणं, सोडवलेले सेट उघड्यावर टाकणं, हे सगळं निषिद्ध.

एआयबद्दल नियम स्पष्ट आहे. चॅटजीपीटी, कोपायलट यांसारखी बाहेरची साधनं प्रॉब्लेम सेटसाठी वापरायची नाहीत. अभ्यासक्रमाचं स्वतःचं ‘बदक’ नावाचं एआय साधन आहे, ते वापरा. ते उत्तर हातात देत नाही, तुम्हालाच प्रश्न विचारत पुढे नेतं. शेवटच्या प्रकल्पात बाहेरची एआय साधनं मदतनीस म्हणून वापरता येतात, पण उल्लेख करून.

हा नियम मला मनापासून पटतो. अडून बसलेला तास वाया गेला असं वाटतं, पण तोच तास पुढच्या सेटमध्ये कामाला येतो. तो तास टाळला की हिरवे चेहरे मिळतात आणि हाती काही लागत नाही.

१०. अडलात तर असं विचारा.
अर्धा तास झगडूनही सुटलं नाही तर आधी मोठ्याने स्वतःलाच कोड समजावून सांगा, ओळीमागून ओळ. तरीही नाही सुटलं तर चार गोष्टी लिहून मदत मागा : काय करायचं होतं, काय झालं, कोणत्या ओळीवर शंका आहे, आजवर काय करून पाहिलं. ‘चालत नाहीये, प्लीज हेल्प’ या संदेशाला कोणी उत्तर देऊ शकत नाही. पुष्कळदा हे चार मुद्दे लिहितानाच चूक दिसते. आणि उत्तर मिळालं की आभार माना. समोरचाही आपला वेळ काढून आलेला असतो.

११. खंड पडला तर.
घरी लग्न निघतं, आजारपण येतं, परीक्षा लागते. दोन आठवडे गेले म्हणून नव्याने शून्यापासून सुरू करू नका. शेवटचा सुटलेला सेट उघडा, त्याचा कोड वाचा, एका बैठकीत हात बसवा आणि पुढचा सेट घ्या. कॅलेंडरवरच्या तारखा सरकवा, पण पुसू नका. गेलेला वेळ भरून काढायला उत्तरं उचलावीशी वाटतात ती नेमकी अशाच वेळी, तेव्हा सावध राहा.

१२. शेवटचा प्रकल्प आपल्या भागातला करा.
एकट्याने करता येतो, दोघा-तिघांनी मिळूनही. विषय जवळचा हवा : भिशीचा हिशेब, बचत गटाची नोंदवही, वाचनालयाची देवघेव, मंडळाची वर्गणी. काय केलं आणि तसंच का केलं, हे रीडमी फाइलमध्ये सविस्तर लिहा. तीन मिनिटांच्या आतला व्हिडिओ करून त्यात प्रकल्पाचं आणि स्वतःचं नाव, शहर, देश वगैरे मागितलेली माहिती दाखवा. भाषा साधी असू दे. काम चालताना दिसणं महत्त्वाचं.

पाठवण्याआधी तपासा

- दहाही सेट गुणपत्रकात दिसतात का? प्रत्येकात ७० टक्के आहेत का?
- उसनी घेतलेली प्रत्येक ओळ कोडमध्ये नोंदवली आहे का?
- कोणताही सेट बंद डोळ्यांनी समजावून सांगता येतो का? येत नसेल तर तो पुन्हा लिहा.
- सोडवलेले सेट गिटहबच्या सार्वजनिक रेपॉझिटरीत तर पडले नाहीत ना? लोकांना दाखवायचं असेल तर प्रकल्प दाखवा.
- ३१ डिसेंबरला निदान दोन आठवडे बाकी आहेत का?

प्रमाणपत्र मिळाल्यावर ते बायोडेटात लिहा, जरूर लिहा. मुलाखतीत त्यावर प्रश्न येईलच : यातलं तुम्ही काय केलंत? ज्याने प्रत्येक सेट स्वतः सोडवला आहे, त्याला या प्रश्नाची तयारी करावी लागत नाही.