दारूकोठारात साठा किती असावा? (चौथीच्या इतिहासातला एक पाठ, घरापर्यंत नेलेला)



चौथीला किल्ल्यांचा भाग शिकवताना 'दारूकोठार' हा शब्द आला की वर्गात हशा पिकतोच. "बाई, महाराजांच्या गडावर दारू?" असं कोणीतरी विचारतंच. मग आपण सांगतो की ही प्यायची दारू नव्हे, तोफेची आणि बंदुकीची दारू. सोरा, गंधक आणि कोळसा यांची पूड. हसू थांबतं आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, "किती असायची बाई?"

या प्रश्नाला मी बरीच वर्षं एकच उत्तर देत होते. "भरपूर! जितकी दारू जास्त, तितका गड बळकट." हे उत्तर चुकीचं आहे हे मला पुस्तकातून नाही, एका विद्यार्थ्यामुळे कळलं.

काय झालं होतं?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गावात मुलं दारोदारी मातीचे किल्ले करतात. त्या वर्षी मी सांगितलं होतं, "नुसते मावळे मांडू नका. अंबरखाना, पाण्याचं टाकं, दारूकोठार सगळं दाखवा." माझ्या वर्गातल्या एकाने ते फारच मनावर घेतलं. कोठार रिकामं कसं ठेवायचं? म्हणून तो रोज सकाळी गल्लीतले न उडालेले, फुसके फटाके गोळा करायचा आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरायचा. डबा ठेवला होता स्वयंपाकघरात, धान्याच्या पोत्यामागे. घरात कोणालाच पत्ता नाही.

भाऊबीजेच्या दिवशी त्याला फटाके सर्दावलेले वाटले. त्याने त्यातले चार-पाच काढून चुलीच्या कडेला वाळत ठेवले. एक उडाला. उजव्या हाताची दोन बोटं भाजली. आईने धावत येऊन बाकीचे बाजूला सारले आणि तेव्हा तिला तो डबा दिसला. जवळजवळ भरलेला, चुलीपासून चार हातांवर.

सुट्टी संपल्यावर आई त्याला घेऊन शाळेत आली. रागावली नव्हती. एवढंच म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगितलं म्हणतोय तो. जास्त दारू असली की गड बळकट." मला काय बोलावं कळेना. बोटं महिन्याभरात बरी झाली, पण ते वाक्य काही माझ्या डोक्यातून गेलं नाही. आपण 'किती' शिकवतो आणि 'कसं' शिकवायचं राहून जातं.

जुने लोक काय सांगतात?

मग मी आज्ञापत्र काढून बसले. रामचंद्रपंत अमात्यांचा हा राज्यकारभारावरचा ग्रंथ साधारण १७१५ च्या सुमाराचा. पंतांनी शिवाजी महाराजांच्या काळापासून राज्याचा कारभार पाहिलेला. त्यातलं दुर्गांचं प्रकरण प्रत्येक शिक्षकाने एकदा वाचावं असं आहे. दारूखान्याबद्दल त्यात जे सांगितलंय त्याचा आशय माझ्या शब्दांत असा:

१. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा. वारा घरांवरून ज्या बाजूला वाहतो त्या बाजूलाही नसावा. (ठिणगी वाऱ्याबरोबर जाते, म्हणून.)

२. भोवती कुसू म्हणजे कुंपण असावं. आत तळघर करून ते गच्च, पक्कं बांधावं. दारूची मडकी जमिनीवर न ठेवता माचावर ठेवावीत.

३. दारू सर्द होऊ देऊ नये. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन ती बाहेर काढावी, ऊन द्यावं आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी.

४. रात्रंदिवस पहारा असावा. परवानगीशिवाय कोणालाही जवळ येऊ देऊ नये.

यात भर कशावर आहे बघा. जागा, ओल, तपासणी, पहारा. 'भरपूर साठवा आणि निर्धास्त राहा' असं काही नाही.

याच विचाराचं शिवाजी महाराजांचं एक प्रसिद्ध पत्र आहे, चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. विषय दारूचा नाही, घोड्यांच्या दाण्याचा आणि गवताचा आहे. आत्ता आहे म्हणून मनमानेल तसं वापराल तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरतील आणि मग तुम्ही रयतेला त्रास द्याल, असा त्याचा आशय. पुढे महाराज दिव्याबद्दलही बजावतात. रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, एका गंजीला आग लागली की सगळ्या पेटतील. राज्याचा धनी उंदराचा आणि वातीचा विचार करतो! हे पत्र मुलांना सोप्या भाषेत सांगा, वर्ग एकदम शांत होतो.

आणि साठ्याचं दुसरं टोक रायगडावर दिसतं. टकमक टोकाकडे जाताना दारूकोठाराचे अवशेष लागतात. राजवाड्यापासून आणि बाजारपेठेपासून ती जागा बाजूला आहे, हे सहलीत मुलांना मुद्दाम दाखवावं. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी रायगडावर तोफगोळ्यांचा मारा केला. त्यात दारूच्या साठ्याचा स्फोट झाला, गडावर आग पसरली आणि १० मे रोजी गड इंग्रजांच्या हाती गेला. ज्या साठ्यावर गड लढवायचा, तोच साठा गडावर उलटला.

वर्गात घेण्याचा उपक्रम

आता मी हा भाग दोन तासिकांत घेते. फळ्यावर चार प्रश्न लिहिते:

• साठा कशासाठी?
• किती दिवसांसाठी?
• ठेवायचा कुठे?
• सांभाळणार कोण?

*पहिली तासिका: धान्य.* पन्हाळ्याचा वेढा १६६० च्या मार्चमध्ये सुरू झाला आणि महाराज जुलैत निसटले. म्हणजे चार महिन्यांहून जास्त. मुलांना उदाहरण देते (आकडे गणितासाठी घेतलेले आहेत, इतिहासातले नाहीत): गडावर ३०० माणसं, १२० दिवस, माणशी रोज अर्धा किलो धान्य. उत्तर येतं १८,००० किलो, म्हणजे १८० क्विंटल. मुलं आ वासतात. मग पन्हाळ्यावरच्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्यांचे फोटो दाखवायचे. एवढ्या मोठ्या का बांधल्या, हे न सांगता कळतं.

*दुसरी तासिका: दारू.* इथे गणित वेगळं होतं, आणि खरा पाठ इथेच आहे. उदाहरण असं:

कोठारावर दोन माणसं आहेत. ती दिवसाला ६ मडक्यांना ऊन देऊ शकतात. प्रत्येक मडक्याला पंधरा दिवसांतून एकदा ऊन मिळालंच पाहिजे. पंधरातले ५ दिवस ढगाळ गेले. तर कोठारात जास्तीत जास्त किती मडकी ठेवावीत?

१० दिवस गुणिले ६, म्हणजे ६० मडकी. मग मी विचारते, "आणि शंभर मडकी भरली तर?" एक मुलगी म्हणाली, "बाई, चाळीस सर्दावतील." दुसरा म्हणाला, "लढाईच्या वेळी कुठली चांगली आणि कुठली खराब, कळणारच नाही." मला हवं असलेलं उत्तर मुलांनीच दिलं. *जेवढं सांभाळता येतं, तेवढाच साठा.* त्यापुढचा साठा बळ वाढवत नाही, नुसता धोका वाढवतो. जास्त हवा असेल तर आधी माणसं आणि जागा वाढवा, मडकी नंतर.

एक काळजी मात्र घ्या. 'दारूला ऊन देणं' सांगताना लगेच स्पष्ट करा की हे गडावरच्या जाणत्या माणसांचं काम होतं. आजच्या फटाक्यांना ऊन द्यायचं नाही, शेकायचं नाही, फोडून आतली पूड काढायची नाही. उपक्रमात मडक्यांऐवजी कागदाच्या चिठ्ठ्या वापरा. मी एकदा पोळले आहे, म्हणून सांगते.

पालकांसाठी

हेच चार प्रश्न घराला लावून बघा. आपल्याकडे काडतुसं नसतील, पण पेट घेणारं आणि विषारी बरंच काही असतं. उरलेले फटाके, बाटलीतलं पेट्रोल, रॉकेलचा कॅन, शेतातली कीटकनाशकं. 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेलं, आणि कुठे ठेवलंय ते विसरलेलं.

• फटाके त्या दिवाळीत संपतील एवढेच घ्या. 'स्वस्त मिळाले' हे साठवण्याचं कारण नाही.
• न उडालेला फटाका पुन्हा पेटवू नका. थोडा वेळ लांब थांबून त्यावर पाणी ओता आणि मग मोठ्या माणसाने तो पाण्याच्या बादलीत बुडवावा. मुलांना गोळा करू देऊ नका.
• कीटकनाशक आणि पेट्रोल पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत भरू नका. कुलपात, चुलीपासून आणि धान्यापासून दूर ठेवा.
• महिन्यातून एक दिवस ठरवून अडगळ बघा. घरातला 'हवालदार' कोण, ते आधीच ठरवा.
• हात भाजला तर लगेच साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका, दवाखान्यात जा.

त्या मुलाने पुढच्या दिवाळीत पुन्हा किल्ला केला. मी मुद्दाम बघायला गेले. दारूकोठार होतं, तटाला लागून, घरांपासून लांब, भोवती काटक्यांचं कुंपण. आत मातीची चार इवलीशी मडकी, रिकामी. दारात एक मावळा उभा होता.

मी विचारलं, "चारच का रे?"

तो म्हणाला, "बाई, पहारेकरी एकच हाय की."