मूठ कशी उघडते

दोन शेतांच्या मधे बांध असतो. बांध कोणाचा? दोघांचा. नांगरताना एकजण एक वीत बांध कोरतो. पुढच्या वर्षी आणखी एक वीत कोरतो. शेजारी पाहतो. मग तोही आपल्या बाजूने कोरू लागतो. बांध बारीक होत जातो. शेवटी पावसाळ्यात तो फुटतो. दोघांचीही माती ओढ्याला वाहून जाते. वकिलाचा खर्च होतो तो वेगळाच.

याचे नाव स्वार्थ. स्वार्थ म्हणजे स्वतःचे पोट भरणे नव्हे. आपले पोट तर प्रत्येकाने भरलेच पाहिजे. दुसऱ्याच्या ताटातले ओढून आपले ताट भरणे म्हणजे स्वार्थ. दुसरा उपाशी आहे हे दिसत असून न दिसल्यासारखे करणे, हाही स्वार्थच.

आता एक प्रश्न विचारू. स्वार्थ वाईट, हे कोणाला ठाऊक नाही? लहान पोरालाही ठाऊक असते. मग तो जात का नाही? आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत मुलांना शिकवले. फळ्यावर सुविचार लिहिले. मुलांनी ते सुरेख अक्षरात उतरवून घेतले, आणि मधल्या सुट्टीत एकमेकांच्या पेन्सिली पळवल्या! नुसते सांगून स्वार्थ जात नाही, हे आम्ही तिथे शिकलो. खरे तर त्याच्याही आधी, आमच्या घरीच शिकलो होतो. ती गोष्ट सांगायला आम्हाला लाज वाटते. पण सांगतो.

सुकडीची गोष्ट

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. आमचे गाव नगर जिल्ह्यातले. विहिरी आटल्या. गुरे विकली गेली. सरकारने दुष्काळी कामे काढली. वडील काम शोधायला मुंबईला गेले. आई खडी फोडायला जाऊ लागली. कामावर सुकडी वाटत. भाजलेल्या पिठाचा तो गोड चुरा. तेव्हा तो आम्हाला पक्वान्नासारखा लागे.

आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. धाकटा भाऊ पाच वर्षांचा. आई आपली सुकडी खात नसे. ती पदराला बांधून ठेवी आणि घरी आल्यावर आम्हा दोघांना सारखी वाटून देई.

एके दिवशी आम्ही आईला पाणी द्यायला कामावर गेलो. तिने सुकडी आमच्याजवळ दिली. म्हणाली, "अर्धी तुझी, अर्धी धाकट्याची. घरी नेऊन दे."

वाटेत आम्ही आमची अर्धी खाल्ली. भूक काही भागली नाही. मग भावाच्या वाट्यातली चिमूटभर खाल्ली. मग आणखी एक चिमूट. घर आले तेव्हा पुडीत दोन घास उरले होते.

भाऊ म्हणाला, "दादा, आज एवढीच?"

आम्ही म्हणालो, "मुकादमाने कमी दिली."

संध्याकाळी आई आली. भावाने तिला सगळे सांगितले. आईला किती सुकडी दिली हे चांगले ठाऊक होते. आता मार बसणार, असे आम्हाला वाटले. पण आई काहीच बोलली नाही. तिने चूल पेटवली. मिलोच्या दोन भाकऱ्या केल्या. एक भावाला दिली. दुसरी सगळी आमच्या ताटात टाकली. स्वतः पाणी प्यायली. आमच्याकडे पाहून इतकेच म्हणाली, "तुला भूक जास्त लागली असणार, बाळा. खा."

मार बसला असता, तर आम्ही तो सोसला असता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केले असते. पण ती भाकरी घशाखाली उतरेना. आम्ही रडू लागलो. सगळे खरे सांगितले. अर्धी भाकरी मोडून आईला दिली. पुढचे चार दिवस आमच्या वाट्याची सुकडी भावाला दिली. कोणी दे म्हणाले नव्हते. आपोआप हात पुढे झाला.

आईला वाचता येत नव्हते. पण देवळात ऐकलेल्या येशू ख्रिस्ताच्या गोष्टी तिला पाठ होत्या. त्या रात्री तिने आम्हाला जक्कयाची गोष्ट सांगितली. ही गोष्ट बायबलात, लूकच्या शुभवर्तमानात आहे. आता ती तुम्हीही वाचू शकता.

जक्कय जकातदार

यरीहो नावाचे शहर होते. त्या मुलखावर रोमी लोकांचे राज्य होते. जक्कय तिथला मुख्य जकातदार. जकातदार कसे वागत? सरकारचे दहा असतील तर लोकांकडून पंधरा घेत. वरचे पाच आपल्या खिशात घालत. मागे सरकारचे शिपाई उभे. गरिबाने तक्रार करावी कोणाकडे? जक्कय फार श्रीमंत झाला. पण त्याच्याशी कोणी नीट बोलेना. पैशांची पेटी भरली आणि माणसे दूर गेली.

एके दिवशी येशू त्या शहरातून चालला होता. ही गर्दी! जक्कय ठेंगणा होता. त्याला काही दिसेना. लोक त्याला वाट देईनात. मग हा प्रतिष्ठित माणूस धावत पुढे गेला आणि चक्क उंबराच्या झाडावर चढला.

येशू झाडाखाली आला आणि थांबला. त्याने वर पाहिले आणि जक्कयाला नावाने हाक मारली. आता हा त्याची खरडपट्टी काढणार, असेच लोकांना वाटले असेल. पण येशूने त्याला खाली बोलावले आणि सांगितले की आज माझा मुक्काम तुझ्या घरी.

लोक कुरकुर करू लागले. असल्या पापी माणसाच्या घरी पाहुणा जातो, म्हणजे काय? पण जक्कयाचे मन हलले. त्याने उभे राहून सांगितले, की माझी अर्धी मालमत्ता मी गरिबांना देतो आणि ज्याला ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत करतो.

इथे थोडा हिशेब करून पाहू. यहुदी लोकांच्या जुन्या नियमशास्त्रात एक नियम होता. कोणी फसवून घेतले आणि मग आपणहून कबूल केले, तर त्याने मूळ रक्कम द्यावी आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा. म्हणजे १०० रुपये घेतले असतील, तर १२० परत करायचे. चोरलेले मेंढरू कापले किंवा विकले, तर मात्र चौपट भरपाई होती. जक्कय १२० देऊन सुटू शकत होता. त्याने आपणहून ४०० कबूल केले.

कायद्याने माणूस १२० देतो, तेही कुरकुरत. ४०० देतो तो आनंदाने देतो. का? कारण त्याला आधी काहीतरी मिळालेले असते. जक्कयाला काय मिळाले? ज्याला सारे गाव टाळत होते, त्याच्या घरी प्रभू स्वतः गेला. त्याची लायकी नसताना त्याला प्रेम मिळाले. ख्रिस्ती श्रद्धेचे सार हेच आहे. माणूस चांगला झाला म्हणून देव त्याच्यावर प्रेम करतो, असे नाही. देव आधी प्रेम करतो. ते प्रेम ज्याला कळते, त्याची आवळलेली मूठ आपोआप सैल होते.

पंडिता रमाबाई

कोणी म्हणेल, ही फार जुनी गोष्ट झाली. तर आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट ऐका.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. बायकांना संस्कृत शिकवायचे नाही, असा तो काळ. पण त्यांनी बायकोला शिकवले आणि त्यांच्या घरात रमाबाईही संस्कृत शिकल्या. पुढे दुष्काळ आला. या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. वडील गेले, आई गेली, बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ शेकडो कोस पायी फिरले. उपास म्हणजे काय, हे रमाबाईंना पुस्तकातून शिकावे लागले नाही. मग भाऊही गेला. लग्न झाले आणि थोड्याच काळात, १८८२ साली, पतीही वारले. पदरात एक लहान मुलगी उरली.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांनी ख्रिस्ती भगिनींचे काम पाहिले. वाईट मार्गाला लागलेल्या बायकांना या भगिनी जवळ घेत, सांभाळत. आपल्याकडे अशा बायकांना कोणी उंबऱ्यातही उभे करीत नसे. रमाबाईंना नवल वाटले. या बायका एवढे प्रेम का करतात? तेव्हा एका भगिनीने त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. त्या बाईला लोक हलकी समजत. येशूने तिच्याकडे पाणी मागितले आणि तिच्याशी मानाने बोलला. ही गोष्ट रमाबाईंच्या मनात घर करून राहिली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण नाव बदलले म्हणजे मन बदलले, असे होत नाही. रमाबाईंनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त काही मिळाला नव्हता. तो सुमारे आठ वर्षांनी मिळाला. पाहा, एवढी विदुषी, पण किती सरळपणे सांगते!

१८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. १८९६-९७ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. अनाथ मुली आणि विधवा रस्त्यावर मरू लागल्या. रमाबाईंजवळ साधन थोडे, आणि सदनात आधीच्या मुली होत्याच. "आपल्या घरचे आधी पाहावे," असे म्हणून घरी बसल्या असत्या, तर कोणी नाव ठेवले नसते. पण त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व बाया घेऊन आल्या. तेव्हा पुण्यात प्लेगची साथ होती. तिथे इतक्या जणींना ठेवता येईना. दौंडजवळ केडगाव येथे रमाबाईंनी जमीन घेतलेली होती. तिथे त्यांना नेले. तेच मुक्ती सदन.

१९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला. आणखी मुली आल्या. सदनात हजारावर माणसे राहू लागली. नुसते बसून खाणे मात्र तिथे नव्हते. शेती, विणकाम, छापखाना अशी कामे मुली शिकल्या. आपल्या पायावर उभ्या राहिल्या. १९२२ साली रमाबाई वारल्या. त्यांचे काम केडगावला आजही चालू आहे.

दुःख भोगलेली माणसे दोन प्रकारची होतात. एक म्हणतो, "मला कोणी दिले का? मग मी का देऊ?" दुसरा म्हणतो, "भूक काय असते ते मला ठाऊक आहे. मी देतो." रमाबाईंना ही दुसरी वाट ख्रिस्ताने दाखवली.

आपण काय करावे?

स्वार्थ एका दिवसात जात नाही. गवत उपटले तरी मुळी राहते आणि पाऊस पडला की पुन्हा फुटते. आमच्या मनातही ते अजून फुटते. म्हणून रोज थोडी खुरपणी करावी. रात्री निजण्याआधी प्रार्थना करावी आणि स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. आज मला काय काय मिळाले? आज मी कोणाचे काय ओढले? उद्या मी कोणाला काय परत देऊ?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नुसते मनात ठेवू नये. वजनात मारले असेल, तर माप भरून द्यावे. पाण्याची पाळी चोरली असेल, तर एक पाळी सोडावी. भावाचा हिस्सा दाबला असेल, तर त्याच्या दारी जावे. आणि बांध कोरला असेल, तर सकाळी फावडे घेऊन निघावे. शेजाऱ्याने आधी यावे म्हणून थांबू नये. येशू जक्कयाकडे आधी गेला. आमच्या आईने भाकरी आधी दिली.

प्रश्न

१. मोठ्या भावाला मार न बसता रडू का आले?
२. १०० रुपये फसवून घेतले असतील, तर जुन्या नियमाप्रमाणे किती परत करायचे? जक्कयाने किती कबूल केले?
३. रमाबाईंना दुष्काळातल्या मुलींचे दुःख इतके का कळले?
४. तुम्हाला कोणाचे काही परत द्यायचे आहे का? उत्तर वहीत लिहू नका. ज्याचे आहे त्याला देऊन या.