गिटारवरील एका कठीण रचनेचा अभ्यास

विद्येच्या प्रत्येक शाखेंत एक टप्पा असा येतो कीं, तेथपर्यंत केवळ परिश्रमानें पोहोंचतां येतें; परंतु त्यापुढें जाण्यास परिश्रमांबरोबर विचारही लागतो. गणितांत हा टप्पा येतो, भाषेंत येतो, आणि वाद्यवादनांत तर तो फारच लवकर येतो. हल्लीं पुष्कळ मुलें व मुली गिटार शिकतात. बोटें चपळ झालीं म्हणजे वाद्य आलें, अशी त्यांपैकीं बहुतेकांची समजूत असते. आमचीही तशीच होती. ती समजूत कशी दूर झाली व तिच्या जागीं काय आलें, हें एका रचनेच्या उदाहरणानें सांगण्याचें येथें योजिलें आहे. गिटार न शिकणाऱ्या वाचकांसही यांतून कांहीं घेतां येईल, अशी आम्हांस आशा आहे.

ती रचना म्हणजे फ्रान्सिस्को तार्रेगा या स्पॅनिश वादकाची 'रेकुएर्दोस दे ला आलाम्ब्रा', म्हणजे 'आलाम्ब्राच्या आठवणी'. तार्रेगाचा जन्म १८५२ सालीं झाला व १९०९ सालीं बार्सेलोना येथें तो निवर्तला. त्याच्या तरुणपणीं पियानोच्या वैभवापुढें गिटार मागें पडली होती. तार्रेगानें बीथोव्हेन, शोपाँ इत्यादिकांच्या रचना गिटारसाठीं नव्यानें मांडल्या, डाव्या पायाखालीं लहानसें पाऊलपीठ घेऊन वाद्य मांडीवर स्थिर धरण्याची रीत रूढ केली, आणि ल्योबेत व पुजोल यांसारखे शिष्य तयार केले. पुढें आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) यानें हें वाद्य जगांतील मोठमोठ्या सभागृहांत नेलें. आज आपण जिला 'क्लासिकल गिटार' म्हणतों, तिच्या वादनपद्धतीचा पाया बऱ्याच अंशीं या परंपरेनें घातलेला आहे.

आलाम्ब्रा हा ग्रानादा नगराजवळील टेकडीवरचा राजवाडा. तेथील मुसलमान राजांनीं तेराव्या व चौदाव्या शतकांत तो वाढविला. दारो नदीचें पाणी पाटानें टेकडीवर आणून त्यांनीं चौकाचौकांतून कारंजीं व हौद खेळविले. या रचनेंतील अखंड थरथर त्या कारंज्यांच्या पाण्याची आठवण देते, असें रसिक मानीत आले आहेत. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या रहिवाशांस हें समजण्यास ग्रानादापर्यंत जाण्याचें कारण नाहीं. मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं हें नगर खडकी या नांवानें वसविलें व त्यास नहरीनें पाणी पुरविलें. पुढें अठराव्या शतकांत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारांत पाणचक्की उभी राहिली. दूरच्या डोंगरांतील पाणी मातीच्या नळांतून तेथें आणिलेलें आहे. तें उंचावरून हौदांत पडत असतां कांठावर उभें राहून कान द्यावा. दुरून जो एकच अखंड आवाज वाटतो, तो जवळून ऐकतां असंख्य थेंबांच्या निरनिराळ्या आघातांचा बनलेला आहे असें ध्यानांत येतें. ज्या रचनेचा आपण विचार करीत आहों, तिचें मर्म हेंच आहे.

आतां तिची घडण पाहूं. गिटारची तार एकदां छेडली कीं तिचा नाद तत्काळ क्षीण होऊं लागतो. गायकाचा कंठ किंवा सारंगीचा गज जसा एक स्वर लांबवूं शकतो, तसा गिटारला लांबवितां येत नाहीं. म्हणून वादक तोच स्वर पुनःपुन्हां इतक्या जलद छेडतो कीं, ऐकणारास तो लांबल्याचा भास व्हावा. यास 'ट्रेमोलो' म्हणतात. आपल्या सतारींतील झाला ऐकलेल्यांस आघातांचें हें सातत्य ओळखीचें वाटेल. मात्र झाल्याचा उद्देश लय चढविण्याचा, तर ट्रेमोलोचा उद्देश स्वर लांबविण्याचा असतो. या रचनेंत प्रथम अंगठा खालच्या सुराची तार छेडतो, आणि त्यामागून अनामिका, मध्यमा व तर्जनी या क्रमानें तीन बोटें वरच्या सुराची एकच तार छेडतात. तीन मात्रांचा एक खंड. प्रत्येक मात्रेंत आठ आघात. म्हणजे एका खंडांत चोवीस. त्यांतील सहा अंगठ्याचे व अठरा बोटांचे. मिनिटास साठ मात्रा धरल्या तरी सेकंदास आठ आघात होतात. आणि हें सुमारें चार-पांच मिनिटें खंड न पडतां चालवावयाचें असतें.

एवढें वर्णन ऐकून विद्यार्थ्याचें लक्ष साहजिकच वेगाकडे वेधतें. आमचें तसेंच झालें. आठ महिनेपर्यंत आम्हीं रोज सकाळसंध्याकाळ घड्याळ लावून बोटें पळविलीं. काल मिनिटास किती मात्रा झाल्या व आज किती झाल्या, याची वहीही ठेविली. एके दिवशीं सबंध रचना अपेक्षित वेगानें वाजविली, आणि मोठ्या समाधानानें स्वयंपाकघराकडे पाहिलें. मातोश्री भाकरी थापीत होत्या. त्यांनीं कधीं कोणतें वाद्य हातीं धरिलें नाहीं. परंतु जात्यावरच्या ओंव्या व भजनें ऐकण्यांत त्यांचें आयुष्य गेलें होतें. त्या म्हणाल्या, "बाळ, पाऊस छान पडतोय. पण गातंय कोण?"

त्या वेळीं आम्हांस राग आला. त्यांस हें संगीत काय कळणार, असें मनांत आलें, आणि दुसऱ्या दिवसापासून आम्हीं वेग आणखी वाढविला. पंधरा दिवसांत उजव्या हाताचा पुढचा भाग दुखूं लागला. पुढें पेला उचलतांनाही कळ येई. वैद्यांनीं सहा आठवडे वाद्यास हात न लावण्याची आज्ञा केली. आठ महिन्यांची कमाई गेली असें वाटून वाद्य विकून टाकण्याचाही विचार मनांत आला. वहींतील आंकडे पाहवेनात.

त्या सक्तीच्या विश्रांतींत करण्यासारखें एकच उरलें होतें. स्वरलेखन समोर ठेवून केवळ वरच्या ओळीचे स्वर आम्ही गुणगुणूं लागलों. आणि काय आश्चर्य! जी रचना आम्ही 'वाजवीत' होतों, तिचें गीत आम्हांस तोंडपाठ येत नव्हतें. कोठें श्वास घ्यावा, कोठें आवाज चढवावा, कोणत्या स्वरावर विसावावें, यांतील कांहींच आम्हांस ठाऊक नव्हतें. मातोश्रींचा प्रश्न किती अचूक होता हें तेव्हां कळलें.

सहा आठवड्यांनंतर आम्हीं जो अभ्यासक्रम आंखला, तो विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठीं क्रमानें देतों.

पहिली पायरी गाण्याची. वाद्य बाजूस ठेवून वरची ओळ गावी. गळा चांगला नसला तरी चालेल. गातांना जेथें आपोआप श्वास घ्यावासा वाटतो तेथें पेन्सिलीनें खूण करावी. अशा दोन खुणांमधील भाग म्हणजे संगीताचें एक वाक्य. गद्य वाचतांना आपण ओळ संपली म्हणून थांबत नाहीं, अर्थ संपला म्हणजे थांबतों. त्याचप्रमाणें खंडाच्या उभ्या रेघेवर न थांबतां वाक्याच्या शेवटीं विसावावें.

दुसरी पायरी वाक्याचें शिखर शोधण्याची. प्रत्येक वाक्यांत एक स्वर असा असतो कीं, त्याकडे बाकीचे स्वर जात असतात. त्या स्वरापर्यंत नाद हळूहळू वाढवावा व त्यानंतर तो उतरूं द्यावा. सर्वच स्वर सारख्या जोरानें वाजविणें म्हणजे सर्वच शब्दांवर सारखा भर देऊन बोलणें होय. अशा बोलण्याचा अर्थ लागत नाहीं.

तिसरी पायरी ट्रेमोलोशिवाय वाजविण्याची. प्रत्येक ठिकाणीं अंगठ्याचा स्वर व त्यामागून वरचा स्वर एकदांच छेडावा. डाव्या हाताचीं बोटें एका पडद्यावरून दुसऱ्यावर जातांना सूर तुटतो कीं काय, हें येथें स्पष्ट ऐकूं येतें. उजवा हात कितीही जलद असला तरी डाव्या हातानें तार वेळेपूर्वीं सोडली तर वाक्याच्या मधोमध भोंवरा पडतो.

चौथी पायरी ट्रेमोलोची. पण अतिशय सावकाश. सेकंदास दोन आघातांहून अधिक नकोत. यांत नेहमीचा दोष असा कीं, तिन्ही बोटें घाईनें एकत्र येतात व अंगठ्यापूर्वीं पोकळी राहते. मग घोडा दुडक्या चालीनें धांवल्यासारखा आवाज होतो. त्यावर उपाय म्हणून एकदां अनामिकेवर, एकदां मध्यमेवर व एकदां तर्जनीवर जोर देऊन तोच भाग वाजवावा. अनामिका बहुधा दुबळी असते. तिला अधिक वेळ द्यावा. दुसऱ्या तारेवरील ट्रेमोलो विशेष कठीण, कारण तिच्या दोन्ही बाजूंस तारा असतात व बोट चुकून त्यांस लागतें. आघात झाल्याबरोबर प्रत्येक बोट सैल सोडावें. दुखूं लागतांच थांबावें. वेदना ही प्रगतीची खूण नव्हे, हें आम्ही स्वानुभवानें सांगतों.

पांचवी पायरी अंगठ्याची. अंगठा म्हणजे या रचनेंतील तबलजी. त्याचे स्वर खालून वर व वरून खालीं फिरत राहतात आणि सर्व रचनेस आधार देतात. ते वरच्या ओळीहून मोठे होऊं देऊं नयेत, पण त्यांचा ठेकाही ढळूं देऊं नये. गाणारा स्वर कोठें किंचित् रेंगाळला, तर पुढें किंचित् लगबग करून तो वेळ भरून काढावा. लयीचें हें उसनें घेणें व फेडणें चांगल्या गायकांकडून शिकावें. गायक शब्द थोडा मागें ओढतो, तरी समेवर अचूक येतो. कारण ताल त्याच्या मनांत चालूच असतो.

सहावी पायरी रंगाची. या रचनेचा पूर्वार्ध 'ए मायनर' या स्वरसमूहांत आहे. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर त्यांत गांधार कोमल आहे, आणि कित्येक ठिकाणीं किरवाणी रागाच्या स्वरांची आठवण होते. उत्तरार्धांत तोच षड्ज राहून 'ए मेजर' येतो, म्हणजे गांधार शुद्ध होतो व बिलावल थाटाचा उजेड पसरतो. सांवलींतील ओंवरींतून एकदम चौकांत पाऊल टाकावें तसा हा बदल आहे. रचनेचा शेवटही या उजेडांतच शांत होतो. हा बदल ऐकणारास जाणवावा म्हणून नुसता जोर वाढवूं नये. हात घोडीपासून थोडा दूर, पोटावरील वाटोळ्या छिद्राकडे नेला कीं नाद गोड व भरदार होतो. घोडीकडे नेला कीं तो तीक्ष्ण होतो. कोठें कोणता नाद शोभेल, हें कानानें ठरवावें.

या सहा पायऱ्यांनंतरच वेग वाढवावा. आश्चर्य असें कीं, तो वाढवावा लागला नाहीं; गीताच्या मागोमाग तो आपोआप आला. पूर्वीं आठ महिन्यांत जें साधलें नाहीं, तें पुढील पांच महिन्यांत साधलें. आणि तेंही पूर्वींहून कमी वेळ वाजवून.

येथें आपल्या संगीताचा एक धडा आठवतो. आपल्याकडे पुष्कळ वादक प्रथम गळ्यानें बंदिश शिकतात व मग ती वाद्यावर उतरवितात. त्यांच्या वादनांत गायकी आहे, हीच त्यांची सर्वांत मोठी प्रशंसा मानितात. पंडित नाथराव नेरळकर (१९३५–२०२१) यांच्यासारख्या गायकांनीं याच नगरांत अनेक शिष्यांस गाणें शिकविलें. तेव्हां विदेशी वाद्य शिकणाऱ्या आपल्या मुलांनींही ख्यालाची एखादी मैफल लक्षपूर्वक ऐकावी. गिटारचें स्वरलेखन जें सांगूं शकत नाहीं, तें तेथें ऐकावयास मिळेल. वाद्य परकें असलें तरी श्वास सर्वांचा एकच आहे.

पालकांसही दोन शब्द सांगावेसे वाटतात. आपलें मूल किती जलद वाजवितें, शेजारच्या मुलाहून त्यानें किती परीक्षा अधिक दिल्या, हें विचारण्यापूर्वीं तें काय गातें आहे हें ऐकावें. आम्हांस संगीताचें ज्ञान नाहीं, असें म्हणून गप्प राहूं नये. ज्यास भाषा कळते त्यास वाक्य तुटलेलें कळतें. मूल रागावेल, आम्हीही रागावलों होतों. तरी प्रश्न विचारावा. आणि त्याचा हात दुखतो असें तें म्हणेल, तर तो आळस समजूं नये.

विद्यार्थ्यांनींही हें केवळ गिटारविषयीं आहे असें मानूं नये. कविता पाठ म्हणणारा, भूमितीचा सिद्धांत घोकणारा, वक्तृत्वाच्या स्पर्धेंत न अडखळतां बोलणारा, या सर्वांपुढें तोच प्रश्न उभा आहे. पाऊस पडतो आहे खरा; पण गातें कोण?

आमचें म्हणाल, तर एका संध्याकाळीं आम्हीं ती रचना पुन्हां घरीं वाजविली. वेग पूर्वींहून कमीच होता, आणि दोन ठिकाणीं बोट चुकलें. मातोश्री भाजी निवडीत बसल्या होत्या. उत्तरार्ध सुरू झाला तेव्हां त्यांचे हात थांबले. रचना संपल्यावर त्या कांहीं बोलल्या नाहींत. परंतु रात्रीं देवापाशीं दिवा लावतांना त्या कांहीं गुणगुणत होत्या. कान देऊन ऐकतां ती तीच ओळ होती. आमच्या वहींत त्या दिवशींचा आंकडा लिहिलेला नाहीं.