एक पृष्ठ, अनेक ब्राउझर

वाराणसीच्या घाटांची नावे देणारे एक पृष्ठ तयार करावयाचे आहे, असे समजू. नाव दाबताच त्या घाटाची माहिती उघडावी आणि जागा अपुरी पडल्यास स्क्रिप्टने नाव आखूड करावे, एवढीच अपेक्षा आहे. रोमन लिपीत हे काम काही ओळींचे आहे. देवनागरीत मात्र ते ‘दशाश्वमेध’ या नावापाशीच अडते.

युनिकोडमध्ये काना, मात्रा व हलंत यांना स्वतंत्र संकेतांक असल्यामुळे या शब्दाचे ९ घटक होतात, आणि स्क्रिप्ट लांबी मोजते ती याच घटकांची. पहिले ५ ठेवून बाकीचे छाटले, तर पडद्यावर ‘दशाश्’ असे पाय मोडलेले काहीतरी उरते.

अक्षरांप्रमाणे शब्द तोडणारी ‘सेगमेंटर’ ही सोय क्रोममध्ये २०२० साली, सफारीत २०२१ साली आणि फायरफॉक्समध्ये २०२४ साली आली. म्हणजे मधल्या काळात एकच पृष्ठ एका ब्राउझरमध्ये चाले व दुसऱ्यात बंद पडे. शिवाय जुन्या नियमाने ‘श्’ आणि ‘व’ वेगळे पडून ६ तुकडे होत. जोडाक्षर अखंड ठेवणारा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत (२०२३) आला, त्याने ५ होतात.

मग ब्राउझर कोणता, हे विचारून मार्ग निवडावा काय? १९९७ साली नेटस्केप ४ आणि इंटरनेट एक्सप्लोरर ४ यांच्या पृष्ठरचना भिन्न असताना अनेकांनी हेच केले. परंतु एक्सप्लोरर स्वतःची ओळख ‘मोझिला’ अशी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या नावाने, करून देत असे! नावावर विसंबणे तेव्हाही धोक्याचे होते, आजही आहे.

म्हणून स्क्रिप्टने प्रथम सोय उपलब्ध आहे की नाही, ते पाहावे. असल्यास तिला केवळ ‘श्व’ तोडावयास द्यावे. एकच तुकडा परत आला तर तिच्यावर विश्वास ठेवावा. दोन आले तर हलंताने संपणारा तुकडा पुढच्या व्यंजनाशी स्वतः जोडून घ्यावा. सोयच नसेल तर नाव मुळीच छाटू नये, दोन ओळींत जाऊ द्यावे. जोडताना एक पथ्य मात्र पाळावे लागते: ‘श्रीमत् शंकराचार्य’ यात हलंतानंतर मोकळी जागा आहे, तेथे जोड करावयाची नसते.